अंगठा

तळमजल्यावरच्या जुन्या एक्स-रे खोलीत
खिडकीला काळा कागद लावून घेतला.
बाहेर परळचं दुपारचं ऊन,
आत एकोणीस माणसं, एक निळा दिवा
आणि माझं तेच भाषण, सतराव्यांदा:
रुग्णाला हात लावण्याआधी. लावल्यानंतर.
त्याच्या पलंगाला, सलाइनच्या स्टँडला,
चादरीच्या नुसत्या टोकाला लावलात तरीही.

आधी प्रश्नपत्रिका. वीस प्रश्न, वीस मिनिटं.
डॉक्टर सबनीसांचे एकोणीस बरोबर.
ब्रदर आल्मेडाचे अठरा, शेजारच्याचं बघून.
कौतिक मावशींचा कागद कोरा,
खाली फक्त हजेरीचा जांभळा ठसा.
मी रकान्यात शून्य लिहिलं. नियम तसा आहे.
मागून कुणीतरी म्हणालं, अंगठेबहाद्दर.
हशा झाला. मावशीही हसल्या,
आपल्यावर नसेलच असं समजून, किंवा समजूनच.

मग चमकणारं लोशन सगळ्यांच्या हातांना.
जा, म्हटलं, धुऊन या, रोज धुता तसेच.
कोपऱ्यातल्या नळाला करंगळीएवढी धार;
अकरानंतर एवढीच येते.

दिवा लावला.
अंधारात हात पुढे आले एकेक,
नुसते हात, ना कोट ना हुद्दा,
आणि राहून गेलेलं सगळं उजळलं:
नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या,
लग्नाच्या अंगठीखालचं वर्तुळ.
सबनीसांचे दोन्ही अंगठे
मुळापासून टोकापर्यंत पेटलेले.
ते म्हणाले, दिवा नीट आहे ना, सिस्टर?

मावशींच्या मनगटावर थोडं होतं, बांगड्यांच्या आड.
अंगठे मात्र दिसतच नव्हते,
अंधारात अंधारासारखे.
विचारलं, कुणी शिकवलं?
"कोण शिकवणार, बाई.
बत्तीस वर्षं पगाराला ठसा देतेय.
शाईच्या अंगठ्यानं भाकरी थापायची कशी?
आधी तो घासायचा. मग बाकीचे."

कुणी हसलं नाही.
पंखा तेवढा करकरत राहिला.

मी शून्य खोडलं. मग आठवलं,
खाडाखोड चालत नाही, शेजारी सही लागते,
आणि सही सबनीसांची.

संध्याकाळी वॉर्ड चौदामध्ये गेले.
हात चोळायच्या औषधाची बाटली कपाटात,
कपाटाला कुलूप, किल्लीवाली रजेवर.
मोरीपाशी मावशी. कमरेच्या पिशवीतून
त्यांनी साबणाचा तुकडा काढला,
औषधाच्या चिठ्ठीत गुंडाळलेला.
मला म्हणाल्या, आणा इकडे.

आणि माझा अंगठा मुठीत धरून फिरवला,
जात्याचा खुंटा धरावा तसा, सावकाश,
दोन्हीकडून.
भिंतीवरच्या तक्त्यातलं हेच पाचवं चित्र.
मी ते सतरा वेळा वाचून दाखवलंय.