कांडी

महिनाभर भात सोडला होता मी.
कुणीतरी म्हटलं, हलकी होशील, पळशील.
हलकी झाले.
आईने ताटाकडे बघून काही म्हटलं नाही,
फक्त गोळाभाताच्या दिवशी
माझ्या वाटचे गोळे
उशिरापर्यंत झाकून ठेवायची.

रविवारी लांब पल्ला. फुटाळ्यापासून
सेमिनरी हिल्सचा चढ, उतार, पुन्हा चढ.
चौदाव्या किलोमीटरपर्यंत मीच पुढे.
मग ठेच नाही, पायात पेटका नाही,
नुसतं
आतलं काहीतरी संपलं.
पाय हलत होते, रस्ता सरकत नव्हता.
डोळ्यांपुढे मोहरी तडतडली,
आणि रडूच आलं
एका बंद दुकानाच्या शटरवरचा फोन नंबर
वाचता येईना म्हणून.

पराते सर सायकलवरून मागून आले.
रागावले नाहीत. खिशातून गुळाचा खडा काढला,
त्याला रुमालाचा एक धागा चिकटलेला.
"तसाच खा."
मग दुकानाच्या पायरीवर बसले.

"गोळीबार चौकात आमचे दोन माग होते.
बुढा रात्री बसून कांड्या भरून ठेवे.
एका रात्री मला सांगितलं, म्या आळस केला.
सकाळी धोटा इकडून तिकडे, खटाक् खटाक्,
हात चालू, पाय चालू, आवाज तं असा का विचारू नको.
अन् पाहतो तं कापड वीतभर नाही.
कांडीच रिकामी होती न पोरी."

माझ्या पोटऱ्यांकडे बोट दाखवलं त्यांनी.
सायकल वळवली, पुन्हा थांबवली.
"रोज ढीगभर नको खाऊ.
रुमाल विणायचा तं अर्धी कांडी पुरते.
लुगडं विणायचं असलं का
आदल्या रात्रीच भरून ठेवाव लागते.
सकाळी भरू म्हटलं तं
मागावर बसाची वेळ होऊन जाते."

जिभेवर गूळ विरघळत होता.
शटरवरचा नंबर हळूहळू
एकेक आकडा होऊन परत आला.
शेवटी सात होता, मी एक समजत होते.

आज शनिवार. उद्या मानकापूरला दहा हजार मीटर,
पंचवीस फेऱ्या.
बाहेर रात्रीचे नऊ वाजून गेले तरी
भिंती तापलेल्याच.
भात मोकळा, वर बेसनाचे गोळे,
मी कुस्करते, आई कडकडीत तेल ओतते,
लाल मिरची चर्रकन फुलते.
दोघी बोलत नाही.

पुन्हा वाढ म्हटलं
तेव्हा ती उठली,
तेल थंड झालंय म्हणत
पळी परत गॅसवर धरली.