तिसरा भाग

साडेतीन रियाल मोजले रुवीच्या गल्लीत,
शिंप्याच्या शेजारचं ते दुकान.
मलबारी म्हणाला, शेवटची प्रत.
पावतीसुद्धा घेतली नाही मी.

दोन वर्षं थांबलो होतो, इकलाख.
दुसऱ्या भागाच्या शेवटी ताम्रबाहू
पुलाखाली दबलेला, एक हात बाहेर,
हातात बहिणीची चप्पल.
आपण बंकवर वर-खाली पडून भांडायचो:
तू म्हणायचास, जिवंत आहे ती.
मी म्हणायचो, मग चप्पल एकच का?

मग तुझा व्हिसा संपला.
विमानतळावर बॅगेचं वजन बघत म्हणालास,
शेवट कळव. नुसतं बरा आहे म्हणू नकोस,
नीट सांग.

तर नीट सांगतो.
पान बाहत्तर: तो जागा होतो.
स्वप्न होतं म्हणे सगळं.
पूल, तो काळा धूर, आपली दोन वर्षं.
बहीण चहा आणते.
दारात दोन्ही चपला.
म्हणजे जिंकलास तूच,
पण हे काय जिंकणं झालं?
पुढच्या पानावर घड्याळाची जाहिरात.

एसी बंद करून पुन्हा वाचलं,
घरघरीत काही निसटलं असेल म्हणून.
तुझ्या बंकवरचा नेपाळी पोरगा
चित्रांत डोकावून विचारत होता, मेला का?

काल तुझा फोन. मागे हर्णैचा लिलाव,
कुणी सुरमईचे भाव ओरडत होतं.
विचारलंसच तू.
अजून आलं नाही रे, मी म्हणालो,
माल सलालाला अडकलाय.

येऊ दे, तू म्हणालास,
जिवंत आहे ती, बघ.

चप्पल एकच होती,
मी म्हणालो.