सळईला कान

रात्री दीडनंतर कुर्ला जरा गप्प होतं,
तेव्हा तांडेलमामा डांबरावर सळई टेकवतात
आणि तिच्या वरच्या टोकाला कान.

मी बाजूला उभी. हातात टॉर्च,
काखेत आराखडा: 'शाश्वत जलव्यवस्थापन, प्रभाग पातळी',
एकशे बारा पानं.
त्यात गळतीला एक तक्ता आहे,
तक्त्याला तळटीप,
आणि तळटिपेत लिहिलंय, अंदाजे.

टेम्पो खडखडत जातो. मामा थांबतात.
कुत्री भुंकतात. थांबतात.
पुन्हा टेकवतात.
माहूलच्या या माणसाला पाण्याचे आवाज पाठ आहेत:
सांधा सुटला की शिट्टी,
बिडाच्या नळाला चीर गेली की कुजबुज.
"आणि नीट जाणारं पाणी?"
"ते बोलत नाय. ड्युटीवर असतं ते."

शंभर किलोमीटर लांबून आणलेलं,
डोंगराच्या पोटातून, बोगद्यातून,
गाळलेलं, क्लोरीन पाजलेलं पाणी
शेवटच्या दोनशे पावलांत हरवतं.
मग बैठकीत कुणीतरी म्हणतंच,
आणखी एक धरण बांधू.
चहा येतो.
त्या धरणाखाली कुणाचं शिवार जाणार
ते विषयपत्रिकेवर नसतं.

(गेल्या महिन्यात एका टॉवरची तपासणी केली.
गच्चीवरून पावसाच्या पाण्याचा पाइप उतरतो,
निळा, देखणा, मातीत शिरतो
आणि वीतभर खाली संपतो.
सेक्रेटरी म्हणाले, मॅडम, दाखल्यापुरता आहे.
मागच्या अंगणात जुनी विहीर, वर लादी,
लादीवर स्कूटर.)

त्या रात्री शिट्टी सापडली
मिठीच्या काठी, पत्र्यांच्या ओळीमागे.
खणलं.
सांध्याला जुन्या साडीची पट्टी, निगुतीनं गुंडाळलेली,
धार बरोबर हंड्याच्या तोंडात पडावी अशी वळवलेली.
माझ्या तक्त्यात ही 'हिशेबाबाहेरचं पाणी'.
इथे बत्तीस घरांचा हिशेब तिच्यावर.

झुलेखाबी बाहेर आली. मूळची सोलापूरची,
मराठी माझ्याहून ठसठशीत.
ओरडली नाही. हंडा खाली ठेवला न् विचारलं,
"बंद करा की. पण बंद केल्यावर
आम्ही कुणाच्या यादीत?"

मामांनी सळई पुसली.
"आधी नळ द्या, बाई. मग सांधा मी बांधतो.
उलटं केलंत तर आठवड्यात पलीकडे फोडतील,
आणि मी शोधायला येईन,
पण मला सापडणार नाय. समजलं?"

समजलं.
फाइल त्रेसष्ट दिवस फिरली.
रहिवासाचा पुरावा, त्याची साक्षांकित प्रत,
खांबेटेसाहेबांची रजा,
"एकाला दिलं तर सगळे मागतील" असा शेरा,
त्याखाली माझा शेरा: मागू देत, मोजून देऊ.
दरम्यान ती धार तशीच वाहिली.
मी दर रात्री तिचे लिटर मोजले
आणि कुणाला सांगितले नाहीत.

अखेर सात सामाईक नळ आले, सात मीटर.
पहाटे चार दहाला पाणी चढलं,
तासाभराने झुलेखाबीने पत्र्यावर खडूने आकडा लिहिला.
आता दर सोमवारी लिहिते.
आकडा फुगला की तीच शोधत निघते
कुणाचा पिंप वाहतोय,
आमच्या आधी, आणि आमच्यापेक्षा मोठ्या आवाजात.

सांधा बांधला त्या रात्री
मामांनी सळई माझ्याकडे दिली.
गार लोखंड. कानात माझंच रक्त.
"काहीच नाही," मी म्हटलं.
"हां. हेच ऐकायला फिरतो."

परतताना, सवयीनं, टेकवत टेकवत चालले.
वॉर्ड ऑफिसच्या भिंतीशी थबकले,
कान लावला, बराच वेळ.
मग माझ्याकडे पाहून नुसते हसले.

सकाळी अकराला बैठक आहे.
वरच्या मजल्यावर पंखा, चहा, एकशे बारा पानं,
आणि आमच्या खुर्च्यांखाली, जमिनीत,
बारीकशी
शिट्टी.