वाटाण्यांचा नकाशा

चुलीपुढच्या चटईवर पल्कित वाटाणे मांडते,
मागच्या सुगीचे, वाळून खडे झालेले.
एक वाटाणा म्हणजे एक गाव.
काजा म्हणजे बशी,
कारण तिथे पेट्रोलपंप आहे.

चौदा वर्षं ती रस्ता मांडून देत आली
आणि तकपा तो जीपने गिरवत आला.
परवाच्या हिवाळ्यात बर्फाच्या तिरिपीने
त्याचा उजवा डोळा गढूळ झाला.
मग नदीच्या कोरड्या पात्रात
तो शेजारी बसून ओरडत राहिला, ती शिकत राहिली.
लायसन्सवरच्या फोटोत
ती अजून त्याच्यावर चिडलेलीच दिसते.

फोन येतो खालून, मैदानातून.
चौघंजण, जूनचा दुसरा आठवडा.
"एकूण किती किलोमीटर?"
पल्कित म्हणते, पहिला नाला
सकाळी दहाच्या आत ओलांडायचा.
दुपारी वर बर्फ सुटतं, पाणी फुगतं,
मग ते कुणाच्या बापाचं ऐकत नाही.
"हो, पण किलोमीटर?"
ती आणखी एक वाटाणा ठेवते.

इथे मुक्काम अंगदुईकडे.
खोलीत धूर होतो, पण रजया जड आहेत.
त्याच्या कानातल्या यंत्राचे सेल आठवणीने न्यायचे,
नाहीतर रात्रभर दार ठोठावत बसाल.
इथे झंगमोला शिलाई मशीनचा पट्टा,
तिने पैसे मागच्या वर्षीच दिलेत.
इथे गाव नाही, नुसतं वळण.
हॉर्न वाजवायचा
आणि थांबून उत्तर ऐकायचं.
इथे पूल.
"पुलावर गिअर बदलू नकोस," तकपा म्हणतो.
तिने कधीच बदललेला नाही,
तरी ती "बरं" म्हणते.

शेवटचा वाटाणा ती बराच वेळ
मुठीत धरून बसते.
मग चटईच्या काठाशी ठेवते,
बाकीच्यांपासून जरा लांब.

"तिथे कोण आहे आता?"
कोणी नाही.
अकरा घरं होती. झरा आटला,
माणसं उतरली, उतरताना
दारं आणि तुळया काढून पाठीवर नेल्या;
लाकूड काही मागे ठेवायची वस्तू नव्हे.
भिंती तेवढ्या राहिल्या, मातीच्या,
दरवर्षी बोटभर बुटक्या होणाऱ्या.
मग दोन उन्हाळ्यांनी रस्ता पोचला.
डांबर नाही, पण रस्ता.
शेवटच्या चढावर मैलाचा दगड रोवलाय,
पिवळ्या रंगावर तिच्या माहेरचं नाव,
आणि खाली शून्य.

"मग पाहुण्यांना काय दाखवणार तिथे?"
तकपाचा चांगला डोळा तिच्यावर.
"काही नाही. गाडी वळवायला जागा आहे.
आमचं खळं."

तिवड्याला बांधलेले याक
जिथे जव तुडवत गोल फिरायचे,
आणि सगळ्यात आतल्या म्हाताऱ्या याकाच्या मागे
काठी घेऊन एक सहा वर्षांची मुलगी,
तिथे जीप एका दमात वळेल.
मागे घ्यावी लागणार नाही.
हे तिने मोजलेलं नाही,
तिच्या पायांना ठाऊक आहे.

फोन पुन्हा वाजतो.
"मॅडम, किलोमीटर राहिलेच."
जायला तीन दिवस, ती सांगते.
यायचं नाला ठरवेल.
आणि येताना सेल तुम्हीच आणा,
इथल्या दुकानात आलेच नाहीत अजून.
पलीकडे कुणीतरी पेन शोधतं.

रात्री ती सगळा मुलूख ओंजळीत गोळा करते,
बशी पुसून फळीवर ठेवते,
गावं पाण्यात भिजत घालते.

सकाळी थुक्पा. वाफ. बाहेर छपरावरून
बर्फाचा एक लगदा धपकन पडतो.
तकपा खाता खाता थांबतो.
"हा एक शिजलाच नाही," तो म्हणतो.
"कोणतं गाव?" ती विचारते.

तो उत्तर देत नाही.
चावत राहतो.