फ्रिजच्या मागचं पाणी

त्रिमूर्ती चौकाच्या मागच्या गल्लीत
मला नावानं कोणी ओळखत नाही.
डासवाली आली, म्हणतात,
आणि आतून कडी लागते.

पाच वर्षं एकच बोलत आले:
ड्रम घासा, कुंडीखालची बशी उलटी करा,
आठवड्यातला एक दिवस कोरडा पाळा.
"एकादशी पाळतो, तेवढं पुरे,"
निकमआजोबा म्हणाले
आणि पेपर तोंडासमोर धरला.

मग एका दुपारी
बच्छावबाईंच्या फ्रिजमागचा ट्रे ओढला.
बोटभर पाणी.
त्यात कोणीतरी सांडून ठेवलेले स्वल्पविराम,
वळवळणारे.
मी काही बोलले नाही, मोबाइल धरला.
चौदा सेकंद.
मागे कुकरची शिट्टी
आणि बाईंचा आवाज: "अगंबाई, हे माझ्या घरातलं?"

"टाका," त्या म्हणाल्या, "पण नाव नको."
गल्लीच्या ग्रुपवर टाकलं,
गुलाबाची फुलं, हरवलेलं मांजर
आणि पाणी किती वाजता येणार, यांच्या मधोमध.

संध्याकाळी ते अंबडच्या कारखान्यात पोचलं,
दुसऱ्या पाळीच्या डब्याच्या वेळी.
तिथून उत्तमनगर, तिथून कोणाच्या तरी
सिन्नरच्या नणंदेकडे,
आणि रात्री परत माझ्याकडेच:
'अतिशय धोकादायक! डॉक्टर सांगतात.'
मी डॉक्टर नाही. बारावी.
तीन महिन्यांचं मानधन यायचंय.

त्या रात्रीपासून फोटो येऊ लागले.
ताई, ही अळीच का?
चहाचा चोथा.
तांदळातला सोंडा.
एकदा नुसताच काळोख, खाली लिहिलेलं:
दिसतंय का?
सगळ्यांना उत्तर दिलं. रिचार्ज माझाच.

पण त्याच ग्रुपवर, त्याच आठवड्यात
आणखी एक आलं:
पपईच्या पानांचा रस पाजा, दवाखान्याची पायरी चढू नका.
माझे चौदा सेकंद पायी निघाले होते,
ते रिक्षात बसून गेलं.

खैरनारांच्या सूनबाईंचा फोटो
रात्री साडेअकराला.
रेवण, वय आठ, हातात हिरवा पेला,
अंगठा वर.
'ताई, ताप उतरला!'

मी दोन बोटांनी फोटो मोठा केला.
पेला मोठा झाला, अंगठा मोठा झाला,
मनगटावरचे लाल ठिपके मोठे झाले.

तीन रिंगा.
"पोट दुखतंय का त्याचं?"
"दुखतंय थोडं. पण ताप उतरला ना, ताई."
उतरला म्हणूनच निघा.
आत्ता. सिव्हिलला.
"एवढ्या रात्री?"
रिक्षा मी पाठवते, तुम्ही फक्त चपला घाला.

मग फोन उशाशी.
एक टिक. बराच वेळ एकच टिक.
भिंतीवर पाल. दूर मुंबई-आग्रा रोडवर ट्रक.
पहाटे कधीतरी दोन झाल्या, निळ्या झाल्या,
आणि दोनच शब्द आले:
ॲडमिट केलं.

ऑफिसच्या ॲपमध्ये आमची गल्ली
बोटाच्या पेराएवढी दिसते.
तिच्यावर सात लाल ठिपके होते.
साहेब म्हणाले, आकडा खाली आणा.
मला त्यातला एकच दिसत होता,
मनगटावरचा.

नवव्या दिवशी तो अंगठा पुन्हा आला,
सलाइनची पट्टी काढल्याचा डाग घेऊन.
पेला नव्हता.
ग्रुपवर पंचेचाळीस जणांनी हात जोडले,
पपईवाल्यांनीसुद्धा.

दारं अजून तशीच उघडतात,
आधी अर्धी, मग नाइलाजानं पूर्ण.
'डासवाली'ही तसंच आहे.

फक्त परवाच्या शुक्रवारी
अनोळखी नंबरवरून एक फोटो आला.
तिरका. कोपऱ्यात बोट आलेलं.
उन्हात उपडा ठेवलेला निळा ड्रम,
शेजारी म्हाताऱ्या पायांतली वहाण.
खाली, बहुधा नातवाकडून टाइप करून घेतलेलं:

आज आमची एकादशी.
— निकम