हुंकार

सेगेद गावात, तिसा नदीपासून दोन गल्ल्या आत,
तळघरातल्या खोलीत
एमोके पेशींना जेवू घालते.
चोवीस वाट्या. तळाशी
उंदराच्या पिल्लांच्या मेंदूतले न्यूरॉन,
बाराव्या दिवशी एकमेकांत हात गुंतवून बसलेले.

ती आर्जिनिन सोडते, किरणोत्सारी खूण केलेलं.
दोन मिनिटं.
मग बर्फगार पाण्यानं धुऊन काढते
दारापर्यंत येऊन आत न गेलेलं सगळं.

शेवटच्या सहा वाट्यांत लायसिनही आहे.
त्याचा भार तोच, दार तेच,
आणि ते उंबऱ्यावर दाटीनं उभं.
यंत्राचे आकडे पहाटे कोसळतात:
आत एन्झाइम बसून आहे,
आधण आलेलं,
वैरायला मूठभरही नाही.

म्हणजे तो वायूही नाही,
जो डबीत भरून ठेवता येत नाही,
लागेल तेव्हाच करावा लागतो, ताजा,
जो भिंतींना विचारत नाही
आणि दोन-चार क्षणांत विरतो.
नायट्रिक ऑक्साइड. ऐकणाऱ्या पेशीकडून
बोलणाऱ्या पेशीकडे उलटा जाणारा.
एवढंच सांगतो: ऐकलं. पुढे?

गोष्टीला हुंकार नसेल
तर सांगणारा किती वेळ सांगेल?

वायू निघून गेल्यावर मागे उरतं सिट्रुलिन.
ते पहिल्यांदा सापडलं कलिंगडात,
नावही तिथलंच.
एमोकेला हे शाळेपासून पाठ,
कारण आई कलिंगडं विकते,
बेकेशच्या सपाट मुलखात, हमरस्त्याच्या कडेला,
ताडपत्रीखाली.

आईचा फोन रात्री नऊला.
भाव पडला. बोरबालाचा कुत्रा पुन्हा सुटला.
गारपीट पलीकडच्या गावावरून गेली.
एमोके पिपेट धरून, खांद्यात फोन दाबून,
ओठांत वाट्या मोजत. सतरा. अठरा.
"आहेस ना गं?"
एकोणीस.
परवापासून फोन आलेला नाही.

ती आकडे वहीत उतरवते, खाली रेघ मारते.
हातमोजे काढते. बोटं सुरकुतलेली.
सहा वाजता आपणहून फोन लावते.
आई उचलते, बोलत काहीच नाही.
मागून ट्रक जातो.
मग कानात
ठक. ठक.
सालीवर बोटाचं पेर वाजवल्याचा आवाज,
आतून भरलेला.

"हं," एमोके म्हणते.