किंवा

एकतीस वर्षं झाली, हार्लो काउंटीच्या कोर्टात
मी ते पुस्तक हातावर धरून उभा राहतो.
काळं कातडी वेष्टन. कडांना कधीकाळी सोनेरी मुलामा होता.
आता वरच्या बाजूला एक खळगा पडलाय
तळव्याएवढा.
ट्रकवाले, दोन डॉक्टर, घटस्फोटाला आलेली माझी मावसबहीण,
एकदा खुद्द शेरीफ,
सगळ्यांचे हात तिथं घासून गेलेत.
खोटं बोलणाऱ्याचा तळवा ओला असतो म्हणतात.
तसं काही नसतं. ऑगस्टमध्ये सगळ्यांचेच ओले असतात.

रविवारी हेच माझे हात
बॅप्टिस्ट चर्चच्या बाकांमधून दानाची थाळी फिरवतात.
मला कधी वेगळं वाटलं नाही.
तिथला देव आणि इथला देव एकच,
फक्त न्यायमूर्ती आत आल्या की
इथं त्यालाही उभं राहावं लागतं,
असं मी बायकोला म्हणायचो.
ती हसायची नाही.

बाहेर हिरवळीवर दहा आज्ञांचा दगड होता.
गेल्या साली वरच्या कोर्टाच्या हुकमानं क्रेननं उचलला.
काही जण गुडघे टेकून रडले, काहींनी टाळ्या वाजवल्या.
मी वाहतूक वळवत होतो.
गवत तिथं अजून पिवळं आहे, चौकोनी.

मार्चमध्ये ओर्फा गिंगरिच साक्षीला आली.
मेनोनाइट बाई, सत्तरीची, टोपीच्या नाड्या हनुवटीखाली.
चौकात धान्याच्या ट्रकनं सायकलवाल्याला उडवलं
तेव्हा तिथं हजर असलेली ती एकटीच.
मी पुस्तक पुढं केलं.
तिनं दोन्ही हात मागं घेतले,
चटका बसलेलं पोर घेतं तसे.
"शपथ मी वाहत नाही," ती म्हणाली.
"वाहू नका, असं ह्यातच सांगितलंय."
आणि हात न लावता बोटानं दाखवलं,
शेवटच्या चौथाईकडं.

एकतीस वर्षं मी ते धरलं होतं.
उघडलं नव्हतं, कोर्टात तरी.

न्यायमूर्ती बॉस्विक यांनी चष्म्यावरून पाहिलं.
त्यांना पाठ होतं: संविधानात तिथं एक शब्द आहे,
'किंवा'.
शपथ, किंवा नुसतंच गांभीर्यानं सांगणं.
कुणीतरी फार पूर्वी
अशाच एखाद्या बाईचे मागं गेलेले हात आठवून
तो ठेवला असावा,
भिंत बांधताना गवंड्यानं एक वीट
मुद्दाम न लावावी, तसा.

मग ती बोलली.
सगळे पुढं झुकले, आता खरं बाहेर पडणार म्हणून.
"दिवा लाल होता की हिरवा, मला ठाऊक नाही.
मी खाली बघत होते. अंड्यांची टोपली घसरत होती."
एवढंच.
पहिल्या रांगेत मेलेल्या पोराची आई होती, मिसेस पॅझ्डर.
तिनं मुठीतली जपमाळ आवळली, मणी करकरले.
ट्रकवाला टॅव्हिस मंडी सुटला.
त्यानं आदल्या दिवशी त्याच खळग्यावर हात ठेवून सांगितलं होतं,
हिरवा.
असेलही.

संध्याकाळी लॉबीतल्या मशीनमध्ये कॉफीसाठी नाणी टाकली.
प्रत्येकावर कोरलेलं, देवावर आमचा भरवसा.
चौथं नाणं मशीननं दोनदा परत केलं.

पुस्तक खणात ठेवण्याआधी ती शेवटची चौथाई उघडली.
पानं एकमेकांना चिकटलेली, कोरी करकरीत.
नखानं एक सोडवलं, कोपरा फाटला.
तसंच मिटून ठेवलं,
स्टेपलर आणि कुणाच्यातरी हरवलेल्या चाव्यांशेजारी.

घरी लोव्हेटानं विचारलं,
"फाटकाला कुलूप लावलंस ना?"
देवाशप्पथ, म्हणणार होतो.
तोंडातच राहिलं.
"हो," म्हणालो.
आणि उठून बघून आलो.